पुणे मनपाच्या नागरिक बजेटमध्ये आपल्या गल्लीचं काम कसं घुसवायचं, आणि मार्चपर्यंत ते जिवंत कसं ठेवायचं

पावसाळा उतरायला लागला की पेपरात आतल्या पानावर एक छोटीशी जाहिरात येते, कधी ऑगस्टमध्ये कधी सप्टेंबरमध्ये, एखाद्या वर्षी जुलैतच. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवावीत, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसात, मिळेल, वेबसाईटवरही भरता येईल, वगैरे. मी कित्येक वर्षं ती बघून पान उलटलं. मग एकदा शेजारच्या काकांनी फॉर्म हातातच आणून दिला, म्हणाले तू नुसती बाल्कनीतून बडबडतेस, लिहून दे की. तेव्हापासून हे सुरू आहे, आणि त्यात जे शिकले ते इथे लिहितेय, कारण फॉर्म कसा भरायचा हे सगळीकडे असतं पण भरल्यानंतर काय काय होतं ते कुणीच सांगत नाही.

आधी थोडक्यात हे आहे काय ते. पुणे महापालिकेने २००६ मध्ये हे सुरू केलं, आयुक्त होते नितीन करीर. भारतात असं करणाऱ्या अगदी पहिल्या काही शहरांत पुणं. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, तिथे १९८९ पासून लोक बसून ठरवतात की मनपाच्या पैशातून आपल्या मोहल्ल्यात काय व्हावं. आपल्याकडे तेवढं नाहीये हे आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे तुम्ही 'सुचवता', ठरवतात ते. पण सुचवलेलं काम खरंच बजेटच्या पुस्तकात छापून येतं, आणि एकदा छापलं की ते मागायला तोंड मिळतं, एवढंही थोडं नाही. काम छोटं असावं लागतं, गेली बरीच वर्षं एका कामाची मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे आणि प्रभागाला मिळून एक ठरावीक रक्कम असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्या कारण प्रभाग रचना बदलली की तीही बदलते.

आता पहिलं काम, आणि हे फॉर्म हातात घ्यायच्या आधी करायचं. जागा कोणाची आहे ते बघा. मी हसण्यावारी नेलं होतं आणि तिथेच आपटले. आमच्या सोसायटीच्या मागून वस्तीत जाणारा एक बोळ आहे, साधारण शंभर पावलांचा, रात्री काळाकुट्ट, आणि वस्तीतल्या मुली अभ्यासिकेतून साडेआठ-नऊला परत येतात त्या याच बोळातून. मी लिहून दिलं, दोन दिव्याचे खांब हवेत. किती साधं काम, नाही का? तीन महिन्यांनी जाऊन विचारलं तर कळलं की फॉर्म बाजूला पडलाय, कारण बोळाचा अर्धा भाग मनपाच्या ताब्यातच नाही. शेरा मारला होता, 'जागा मनपाची नाही', आणि मला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तर मनपा फक्त स्वतःच्या जागेवर किंवा स्वतःच्या रस्त्यावर खर्च करू शकते. सोसायटीच्या कंपाउंडच्या आतलं काम विसरा. कालव्याच्या कडेची जागा पाटबंधाऱ्याची असते, रुळाच्या बाजूची रेल्वेची, कॅम्प आणि खडकीत गेलात तर तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डच वेगळं. महावितरणचा डीपी उघडा पडलाय म्हणून मनपाच्या फॉर्मवर लिहिलंत तर तो कागद वायाच जाणार. वस्ती खाजगी जागेवर असेल तर ती घोषित झोपडपट्टी आहे का ते विचारा, घोषित असेल तर संडास, पाणी, ड्रेनेज, दिवे यांचं गाडं बरंच सोपं होतं. हे सगळं कळायला वकील लागत नाही, वॉर्ड ऑफिसमधल्या जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, जागेवर घेऊन जा आणि विचारा. तो बघताक्षणी सांगतो. आमच्या बोळाचं पण तसंच झालं, दुसऱ्या वर्षी जेई आले, म्हणाले मॅडम खांब त्या बाजूला नका मागू, या बाजूच्या भिंतीलगत मागा, ही पट्टी आपली आहे. एवढंच. एक वर्ष गेलं पाच फुटांपायी!

वॉर्ड ऑफिस कुठलं ते माहीत नसेल तर आधी ते शोधा. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, औंध-बाणेर, भवानी पेठ, हडपसर-मुंढवा, येरवडा-कळस-धानोरी अशी, आणि नावावरून अंदाज बांधू नका, हद्दी वेड्यावाकड्या आहेत. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं मनपात आली, तिथल्या लोकांनी तर नक्कीच विचारून घ्यावं.

फॉर्म लिहिताना. बहुतेक जण लिहितात 'आमच्या भागात दिव्यांची सोय व्हावी', 'रस्ता दुरुस्त करावा', 'परिसर स्वच्छ ठेवावा'. याचं इस्टिमेट कसं काढणार तो जेई? त्याच्यासमोर दोनशे फॉर्म आहेत आणि दरसूचीचं, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांचं, पुस्तक आहे, त्याला नग, मीटर आणि जागा लागते. म्हणून असं लिहा: अमुक मंदिरापासून अमुक पिठाच्या गिरणीपर्यंतच्या बोळात, पूर्वेकडच्या भिंतीलगत, दिव्याचे दोन खांब. सोबत जागेचा फोटो, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. हाताने काढलेला नकाशा चालतो, माझा तर वहीच्या पानावर होता. कुठल्या खात्याचं काम ते पण लिहा, दिवे म्हणजे विद्युत, फूटपाथ म्हणजे पथ, चेंबर म्हणजे ड्रेनेज. खातं चुकलं की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि मुदत संपते. आणि एका फॉर्मवर एकच काम. मी सुरुवातीला दिवे, कचऱ्याचा डबा आणि बसस्टॉपला बाकडं असं तिन्ही एकत्र लिहिलं होतं, तिन्ही वेगळ्या खात्यांचं, मग काय, त्रिशंकू.

५ लाखांत काय बसतं असं बरेच जण विचारतात. डांबरी रस्ता नाही बसत, नवा पूल नाही बसत, पण बोळातलं काँक्रीट, फूटपाथवर चढायला उतार, बसस्टॉपचा निवारा, सार्वजनिक संडासाला दार-कडी-दिवा आणि धरायला दांडा, नळकोंडाळ्याभोवती फरशी, अंगणवाडीची गळकी पत्र्याची शेड, अभ्यासिकेत टेबलं-खुर्च्या, भाजीवाल्या बायकांसाठी ओटे, असलं सगळं विचारात घेतलं जातं. मला स्वतःला संडासाची दारं आणि अभ्यासिका ही दोन कामं सगळ्यात मोलाची वाटतात. बाकड्यांचं तर नावच काढू नका. नगरसेवकांच्या 'स' यादीतून या शहरात इतकी बाकडी झालीत की माणसापेक्षा बाकडी जास्त, त्यावर नाव रंगवलेलं, आणि बसायला गेलं तर समोर भिंत.

'स' यादी म्हणजे काय ते माहीत नसेल तर, ती सभासदांनी सुचवलेल्या कामांची यादी, बजेटमध्ये वेगळी असते. आपली नागरिकांची वेगळी. तुमचं काम नगरसेवकाने स्वतःच्या यादीत घेतलं तर वाईट वाटून घेऊ नका, श्रेय त्यांना जाऊ दे, खांब आपल्या बोळात येऊ दे.

फॉर्म दिला की पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. हे तीनही. ऑनलाईन भरला तर स्क्रीनशॉट. माझा अनुभव असा की पोच नसेल तर तो फॉर्म तुम्ही दिलाच नव्हता, इतकी साधी गोष्ट आहे. टपालाच्या खिडकीवर 'ठेवून जा हो ताई' म्हणतात, ठेवून जायचं नाही, उभं राहायचं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हा फॉर्म कोण भरतं? पेपर वाचणारा, दुपारी वॉर्ड ऑफिसला जायला वेळ असणारा, शुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत अर्ज लिहिता येणारा माणूस. म्हणजे आमच्यासारखे सोसायटीवाले, रिटायर्ड काका, ज्येष्ठ नागरिक संघ. मग कामं पण तशीच येतात, जॉगिंग ट्रॅकला रबर, बागेत विरंगुळ्याला छप्पर. त्यात वाईट काही नाही, पण ज्या भागात आधीच बरं आहे तिथेच अजून बरं होत जातं आणि मागच्या वस्तीत सकाळी पाण्यासाठी रांग तशीच. कागदावर योजना सगळ्यांसाठी, प्रत्यक्षात ज्याला माहीत त्याच्यासाठी. यावर मनपा काही करेल तेव्हा करेल, आपण एक करू शकतो, फॉर्म घेऊन दोन गल्ल्या पुढे जायचं.

पण जाऊन 'तुम्हाला काय हवंय' असं विचारायचं नाही. लोक म्हणतात घर हवंय, नोकरी हवीय, आणि बरोबरच आहे त्यांचं. मी दुसऱ्या वर्षी वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीला गेले, रात्री आठनंतर, कारण त्याआधी कुणी घरी नसतं, धुणीभांडी करून येतात बाया. तिथे मावशींना एवढंच विचारलं की दिवसभरात कुठे कुठे थांबावं लागतं, कुठे भीती वाटते, कुठे पोरं पडतात. पंधरा मिनिटांत सात जागा निघाल्या, आणि त्यातली एकही माझ्या डोक्यात नव्हती. संडासाच्या पायऱ्या! एका आजींना गुडघ्यामुळे चढता येत नव्हत्या म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. मी रोज त्या संडासावरून जाते, माझ्या कधी लक्षात आलं नाही. तो फॉर्म त्यांच्याच नातवाने लिहिला, आठवीतला आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं, आणि त्यावर त्या आजींचा अंगठा. अंगठा चालतो, कुणी नाही म्हटलं तर नियम दाखवा म्हणायचं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, कचरावेचक बायांची संघटना, आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली जिने २००८ मध्ये मनपाशी करार करून दारोदार कचरा गोळा करायचं काम घेतलं. याच कचरावेचक बायांनी नागरिक बजेटमध्ये स्वतःचे फॉर्म भरलेत, मागितलं काय तर गोळा केलेला माल निवडायला शेड, म्हणजे उन्हापावसात रस्त्याच्या कडेला बसायला नको. सोसायटीवाल्याच्या फॉर्मवर असलं काम कधी आलं असतं का? त्यांना शेड म्हणजे रोजच्या कमाईत फरक, आपल्याला बागेचं छप्पर म्हणजे गप्पा.

शेडवरून आठवलं. कचऱ्याचं वर्गीकरण चांगलं, पण बजेटमधलं 'वर्गीकरण' हा शब्द कानावर पडला की सावध व्हायचं. म्हणजे असं की एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणे. कायद्यात बसतं ते, स्थायी समितीची मंजुरी घेऊन होतं, आणि वर्ष संपत आलं, काम सुरू झालेलं नसलं, की त्या पडून असलेल्या पैशांवर सगळ्यांची नजर जाते. माझे दुसऱ्या वर्षीचे खांब असेच गेले. बजेटच्या पुस्तकात छापून आलेले, मी त्या पानाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, लोकांनी अंगठे दिले, मी खुशीत घरी बसले. फेब्रुवारीत चौकशीला गेले तर पैसे कुठल्यातरी रस्त्याच्या डांबरात. कुणाला शिव्या देऊ? चूक माझीच, मी एप्रिल ते जानेवारी एकदाही गेले नव्हते.

म्हणून पाठपुराव्याचं वेळापत्रक आता मी फ्रिजवर चिकटवते. फॉर्म दिल्यावर महिन्याभरात जेईला फोन, इस्टिमेट झालं का. झालं असेल तर आकडा विचारून घ्या, ५ लाखाच्या वर गेला असेल तर कामाचे दोन तुकडे करता येतील का ते बघा, एक यंदा एक पुढच्या वर्षी. मग क्षेत्रीय कार्यालयातून यादी प्रभाग समितीकडे, म्हणजे त्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीकडे जाते, तिथे काय ठेवायचं काय गाळायचं ते ठरतं. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकराजच होतं तेव्हा हे सगळं अधिकाऱ्यांच्याच हातात होतं. नगरसेवक असतील तर या टप्प्यावर भेटा, आधी नाही आणि नंतर तर नाहीच. एकट्याने जाऊ नका, वस्तीतल्या चार बाया, सोसायटीतले दोन काका असं मिश्र शिष्टमंडळ न्या, दोन्हीकडची मतं एकत्र दिसली की चहा पण येतो.

जानेवारी ते मार्चच्या दरम्यान कधीतरी आयुक्तांचं अंदाजपत्रक येतं, पुस्तक वेबसाईटवर टाकतात. जाडजूड असतं, घाबरू नका, तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाचं पान काढा आणि नागरिकांच्या सहभागाची कामं शोधा. कामासमोर एक कोड असतो, तो लिहून ठेवा, यापुढे तुम्ही कामाचं नाव सांगायचं नाही, कोड सांगायचा. समोरचा माणूस लगेच नीट बसतो. १ एप्रिलला नवं वर्ष लागलं की मे महिन्यात पहिली फेरी, टेंडर काढलं का. पावसाळ्यात खोदाईची कामं थांबतात म्हणून ऑक्टोबरमध्ये दुसरी, वर्कऑर्डर निघाली का. डिसेंबर उजाडला आणि वर्कऑर्डर नसेल तर पैसे हातातून जायला लागलेत असं समजा, तेव्हा लेखी पत्र द्या, सहाय्यक आयुक्तांच्या नावाने, पुन्हा पोच घेऊन.

आणि कुणी काही सांगतच नसेल तर दोन रस्ते. एक, सोमवार. पुणे मनपात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली बघायची सोय बरीच वर्षं होती, माहिती अधिकाराचा अर्ज न करता, पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारनेही हे लागू केलं, आता ती चालू आहे का ते जायच्या आधी विचारून घ्या. फार कमी लोक जायचे. मी गेले तेव्हा आधी 'आज साहेब नाहीत' झालं, मी म्हटलं साहेब नकोत फाईल हवीय, तेव्हा मिळाली. त्या फायलीत एक ओळ होती की जागेची पाहणी झाली, नागरिक उपस्थित नव्हते. मला बोलावलंच नव्हतं तर मी उपस्थित कशी असणार, पण आता पाहणीच्या दिवशी फोन करा असं लेखी देते.

दुसरा रस्ता माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा असा नियम आहे, त्यामुळे मनातली सगळी जळजळ त्यात ओतू नका, कोड टाका आणि विचारा: मंजूर रक्कम किती, खर्च किती, वर्गीकरण झालं असल्यास कधी आणि कुठे, त्याच्या प्रती द्या. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी लागत नाही, म्हणजे वस्तीतल्या कुणी अर्ज केला तर १० रुपयेही वाचतात. पण मी हे हत्यार उठसूट काढत नाही, जेईशी वर्षभर काम करायचं असतं, तो बिचारा पण चार प्रभाग सांभाळत असतो. आधी चहा, मग सोमवार, मग माहिती अधिकार.

वस्तीत एकदा जायला लागलात की लोक खांबांच्या पलीकडचं पण विचारतात, आणि तेव्हा 'ते माझ्या फॉर्ममध्ये नाही' म्हणणं जमत नाही. थोडक्यात दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. दहावी-बारावीत चांगले मार्क पडलेल्या पोरांना मनपाची मदत मिळते, दहावीला १५ हजार, बारावीला २५ हजार, अट साधारण ८० टक्क्यांची पण मनपा शाळेतल्या आणि मागासवर्गीय मुलांना ७०, दिव्यांगांना त्याहून कमी. अर्ज ऑनलाईन, मुदत चुकते ती उत्पन्नाच्या नाही तर रहिवासाच्या कागदांपायी, म्हणून निकालाच्या आधीच कागद गोळा करायला सांगा. पोरं अठराच्या पुढची असतील आणि घरी बसली असतील तर मनपाच्या जागांमधून चालणारी लाइटहाऊस केंद्रं आहेत, पहिलं औंधला २०१६ मध्ये निघालं, तिथे कोर्स करता येतो, इंग्रजी-कॉम्प्युटरपासून नर्सिंग सहाय्यकापर्यंत. हातगाडीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीचं कर्ज, पहिला हप्ता आधी १० हजार होता आता १५ हजार केलाय, त्याला फेरीवाला सर्टिफिकेट किंवा मनपाचं शिफारसपत्र लागतं आणि ते मिळवताना आमच्या भाजीवाल्या ताईंचे सहा दिवस धंद्याचे बुडले, ते कुणी मोजत नाही.

तिसऱ्या वर्षी आमचे खांब झाले. मी आणि वस्तीतल्या दोघी आळीपाळीने जायचो, एकीने सोमवार धरायचा, दुसरीने जेईचा फोन, त्यामुळे कुणा एकीचा पगार कापला गेला नाही, हे पण लिहून ठेवा, पाठपुरावा एकटीने करायचा नसतो. संडासाच्या पायऱ्यांना दांडा लागला तो त्याच्याही आधी, कारण त्या आजी स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन बसल्या, पायऱ्या चढून, आणि साहेबांना म्हणाल्या बाळा तुझ्या पायऱ्यांना पण दांडा नाही.

काम चालू असताना रोज एक फोटो काढा. खड्डा किती खोल घेतला, काँक्रीट टाकलं का नुसता मुरूम भरला, ते नंतर दिसत नाही, आणि ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तकावरून निघतं. खांब उभा राहिला की त्यावर रंगवलेला नंबर वहीत लिहून ठेवा आणि बोळातल्या दोन-तीन घरी द्या. चार महिन्यांत दिवा जाणार आहेच, आणि तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न तोच असतो, खांबाचा नंबर काय.